इस्रायली वाईन: दाजींनी आणलेल्या चार बाटल्या आणि बेदाणेवाल्यांच्या घरातला रिव्ह्यू

पहिलंच सांगून टाकतो, ही वाईन बेळगावात शोधत फिरू नका. कॅम्प, टिळकवाडी, खानापूर रोड, सगळीकडं विचारून झालंय. फ्रान्सची मिळते, इटलीची मिळते, ऑस्ट्रेलियाची तर रांगच लावलेली असते, पण इस्रायलची आहे का म्हटलं की काउंटरवरचा पोरगा असा बघतो की हा गडी दुसऱ्या दुकानातून घेऊनच आलाय. त्यामुळं हे वाचून लगेच कुणी गाडी काढू नये.

बाटल्या आल्या त्या आमच्या दाजींमुळं. दाजी अथणी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, बेदाणा करतात, आक्काला बरोबर घेऊन इस्रायलच्या शेती टूरला गेले होते. ठिबक आणि ग्रीनहाऊस बघायला तिकडं जाणं आमच्याकडं आता काही नवीन राहिलेलं नाही, पण दाजी टूरवाल्यांच्या मागं लागून लागून गोलानच्या पठारावरच्या एका वायनरीतपण जाऊन आले आणि परत येताना एअरपोर्टच्या ड्युटी फ्रीतून माझ्यासाठी तीन मोठ्या आणि एक छोटी बाटली उचलली. माणशी दोन लिटर बिनकस्टमची आणता येते, दोघांचं मिळून बसलं हिशोबात. दाजी स्वतः थेंब घेत नाहीत, नुसता वास घेतात आणि मग अर्धा तास बोलतात, म्हणून या रिव्ह्यूत चव माझी आणि बागेतलं सगळं त्यांचं असं समजा.

सुरुवात सगळ्यात वाईट बाटलीनं केली. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण असली वाईन तिथं बरेच जण काढतात. लाल, घट्ट, गोडमिट्ट, किद्दुशसाठीची. किद्दुश म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, ज्यूंचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस, सुरू होताना घरातला माणूस वाईनचा पेला हातात घेऊन जी प्रार्थना म्हणतो ती, मग सगळ्यांनी त्यातला घोट घोट घ्यायचा. त्या एका घोटापुरती ही वाईन बरोबर आहे. ग्लास भरून घेतली तर अर्ध्यावरच हात थांबतो, द्राक्षाच्या जेलीचा वास, मागं काहीच नाही, नुसती साखर जिभेवर बसून राहते. उरलेली बायकोनं केकमध्ये घातली, केक मात्र चांगला झाला.

यावरून आक्कानं एक भारी गोष्ट सांगितली. दिमोनात त्यांना एक म्हातारी बाई भेटल्या, बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, शनवार तेली, अलिबागकडून गेलेलं घराणं, आणि मराठी बोलायच्या तर आपल्याला लाजवतील असं. त्या म्हणाल्या, कोकणात असताना कोशर, म्हणजे आमच्या धर्माच्या नियमात बसणारी, वाईन मिळायची कुठं, मग किद्दुशला आम्ही काळ्या मनुकांचं सरबत करायचो. मनुका पाण्यात भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळून घ्यायच्या, झालं. आक्कानं येतायेताच ठरवलं होतं, घरी आल्यावर करून बघितलं, बेदाणा काय घरचाच. खरं सांगू का, त्या विकतच्या गोड वाईनपेक्षा ते सरबत दहापट बरं लागतं.

आता कुणी म्हणेल एवढी वाईट तर इस्रायली वाईनचं एवढं कौतुक कशाला. तर त्याचं असं आहे की शंभर वर्षं ही गोड वाईनच त्यांचा मुख्य माल होता. १८८२ पासून बॅरन एडमंड द रोथशिल्डनं, बोर्दोतलं शातो लाफीत ज्या घराण्याचं आहे त्यातला हा, तिकडं वस्ती करून राहिलेल्या ज्यू शेतकऱ्यांना पैसा पुरवायला सुरुवात केली, तेव्हा तो सगळा मुलूख तुर्कांच्या ताब्यात होता. फ्रान्सहून तज्ज्ञ आणले, फ्रान्सच्या जाती आणल्या, रिशॉन लेझिऑन आणि झिख्रॉन याकोव या दोन ठिकाणी जमिनीखाली भलेमोठे तळघरवजा सेलर बांधले. मग फिलॉक्सेरा आला, मुळं खाणारा किडा, बागा गेल्या, परत अमेरिकन खुंटावर कलमं करून उभ्या केल्या. माल कसाही असला तरी बॅरन चढ्या भावानं घ्यायचा, त्यामुळं द्राक्षं वाढली आणि वाईन विकेना. शेवटी १९०६ मध्ये कारभार शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडं गेला, तीच आजची कारमेल. रिशॉनच्या त्या वायनरीत डेव्हिड बेन गुरियन आणि लेव्ही एश्कोल दोघांनीही तरुणपणी काम केलंय, दोघंही पुढं पंतप्रधान झाले. आपल्याकडं साखर कारखान्यातून आमदार निघतात, तिकडं वायनरीतून पंतप्रधान निघाले.

गिऱ्हाईक कोण, तर जगभरातले ज्यू, धर्मासाठी ज्यांना कोशरच लागणार. गिऱ्हाईक असं बांधलेलं असलं की चवीची फिकीर कोण करतो. आणि तेसुद्धा किती बेभरवशाचं बघा, रशियात १९१७ ला क्रांती झाली तो बाजार गेला, अमेरिकेत १९२० ला दारूबंदी आली तिथंपण दणका बसला. एक्स्पोर्ट एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर टांगलं की असं होतं, हे आपल्या द्राक्षवाल्यांना सांगायची गरज नाही, युरोपात एका वर्षी रेसिड्यूवरून, म्हणजे मालात औषधाचा अंश सापडला म्हणून, कंटेनर अडकले तर इकडं किती घरांत चूल गार पडली ते सगळ्यांनी बघितलंय.

आता चांगल्या बाटलीकडं येतो. यार्डन कॅबर्ने सॉव्हिन्यों, गोलान हाइट्स वायनरीची. या एका बाटलीसाठी हा सगळा खटाटोप वसूल.

आदल्या रात्री उघडली असती तर आणखी बरं झालं असतं, पण तेवढा दम कुणाला. दोनेक तास आधी कॉर्क काढून स्टीलच्या जगमध्ये ओतून ठेवली, कारण आमच्याकडं डिकँटर बिकँटर नाही. त्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये, कारण पुस्तकात रूम टेम्परेचर लिहिलेलं असतं ते फ्रान्सच्या खोलीचं, आपल्या मे महिन्यातल्या नव्हे. रंग पिकल्या जांभळाचा, ग्लास तिरका धरला तर कडेलाच तेवढा लाल दिसतो. वासात पहिल्यांदा काळी फळं, मग लाकूड, आणि दहा-पंधरा मिनिटं ग्लासात राहिली की मागून जो वास येतो तो निपाणीच्या वखारीचा, चांगल्या मुरलेल्या तंबाखूचा. दाजींनी नाक घालून बघितलं आणि तेपण हेच म्हणाले. फ्रेंच ओकच्या पिंपात दीड वर्ष ठेवतात ती, त्याचा तो परिणाम. तोंडात भरलेली लागते, तुरटपणा आहे पण हिरड्या ओढत नाही, गिळल्यावर बराच वेळ चव मागं राहते. अल्कोहोल चौदा-साडेचौदा टक्के, त्यामुळं जपून, लक्षात येत नाही आणि मग एकदम येतं.

एक सूचना. ही सावजी मटणाबरोबर घेऊ नका. मी घेतली. तिखट, तुरट आणि अल्कोहोल तिन्ही एकमेकांवर चढतात, घशात नुसती आग, वाईनची चव पण जाते आणि मटणाची पण. दुसऱ्या दिवशी उरलेली कमी तिखटाच्या, मिरी घातलेल्या सुक्या मटणाबरोबर घेतली तेव्हा खरी कळली.

ही वाईन अशी का झाली याचं उत्तर उंचीत आहे. १९७२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधले एक प्रोफेसर तिकडं आले आणि त्यांनी सांगितलं की चांगली वाईन पाहिजे तर गरम किनारपट्टी सोडा, गोलानच्या पठारावर जा. १९७६ मध्ये तिथं वेली लावल्या, १९८३ मध्ये कात्झरिनला वायनरी सुरू झाली, मालक तिथल्याच किबुत्झ आणि मोशाव, मिळून शेती करणाऱ्या वस्त्या, म्हणजे परत सहकारीच. बागा समुद्रसपाटीपासून चारशे ते बाराशे मीटरवर, जमीन ज्वालामुखीची, उत्तरेकडच्या बागांत थंडीत बर्फ पडतं. १९८४ ची यार्डन कॅबर्ने लंडनला इंटरनॅशनल वाईन अँड स्पिरिट कॉम्पिटिशनमध्ये गेली आणि १९८७ मध्ये गोल्ड घेऊन आली. तिथून लोकांनी इस्रायलला वाईनचा देश म्हणायला सुरुवात केली, त्याआधी ती नुसती ज्यूंची वाईन होती.

बाराशे मीटर ऐकून मी म्हटलं आपलं बेळगावपण साडेसातशेवर आहे की, दाजींनी हातच जोडले. उंची आहे, पाऊस कुठं ठेवतोस म्हणाले. आणि खरंच फरक तिथंच आहे. तिकडं पाऊस पडतो थंडीत, उन्हाळाभर थेंब नाही, द्राक्ष पिकतं ते कोरड्या हवेत, ऑगस्टपासून तोडणी. वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते, वर्षाला छाटणी एकदाच. आपल्या वेलीला झोप म्हणून माहीत नाही, एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळ छाटणी, मग डाऊनी, मग भुरी असले रोग, आणि सगळ्यातून वाचलं की तोडणीच्या तोंडावर अवकाळी. 

पण दाजींना खरा धक्का बसला तो मण्याचा. आपल्याकडं मणी फुगवायला जीएचं, म्हणजे जिबरेलिक ॲसिडचं, डीपिंग करतात, साईज आली पाहिजे, साईजवर भाव. तिथं वायनरीतला माणूस घड हातात घेऊन कौतुकानं दाखवतोय आणि मणी केवढे, तर हरभऱ्याएवढे. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, मणी लहान तर रसाच्या मानानं साल जास्त, म्हणून ते मुद्दाम पाणी तोडतात. ज्या ठिबकचं आपल्याला एवढं अप्रूप, सिम्चा ब्लासनं काढलेलं, १९६५ मध्ये हात्झेरीम किबुत्झनं नेटाफिम काढून जगभर नेलेलं, ते ठिबक वाईनच्या बागेत पाणी द्यायला कमी आणि पाणी मोजून तोडायला जास्त वापरतात. वर चांगले घड हिरवे असतानाच कापून खाली टाकतात, राहिलेल्यात चव उतरावी म्हणून. दाजी म्हणाले, आमच्या गावात असं केलं तर लोक मला धारवाडच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन सोडतील.

कोशरचा भाग ऐकून तर आक्काला सोवळ्याची आठवण झाली. द्राक्ष चिरडल्यापासून बाटली बंद होईपर्यंत शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू माणसाशिवाय कुणी वाईनला हात लावायचा नाही, नळसुद्धा सोडायचा नाही. पाहुण्यांनी लांबूनच बघायचं. वाईनमेकर स्वतः धार्मिक नसेल तर त्यानं आपल्याच पिंपाला हात लावायचा नाही, दुसऱ्याला सांगून करून घ्यायचं. नवी वेल लावली की पहिली तीन वर्षं फळ घ्यायचं नाही, दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा, त्यातून मग पळवाटा आणि रब्बींचे, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंचे, वाद. पण यातल्या एकाही नियमाचा चवीशी संबंध नाही, हे लक्षात घ्या. कोशर म्हणजे गोड आणि वाईट हा समज त्या पहिल्या बाटलीनं करून ठेवलाय. एकच प्रकार चवीवर उठतो, तो म्हणजे मेवुशाल, त्यात वाईन झटकन तापवून घेतात म्हणजे मग कुठल्याही वाढप्यानं ओतली तरी चालते. केटरिंगला सोयीची.

आणि हीच कोशरची पाटी एक्स्पोर्टला आडवी येते. इस्रायलच्या वाईनच्या निर्यातीतला अर्ध्याहून जास्त माल एकट्या अमेरिकेत जातो, आणि तिथं तो दुकानात फ्रान्स-इटलीच्या शेजारी न लागता कोशरच्या वेगळ्या कपाटात जाऊन बसतो. तिथं येणारं गिऱ्हाईक तेच, जुनं. वाईन बदलली, कपाट बदललं नाही.

दुसरी भानगड लेबलची. गोलान १९६७ च्या युद्धात सीरियाकडून घेतलेलं, १९८१ मध्ये इस्रायलनं तिथं आपला कायदा लावला, अमेरिकेनं २०१९ मध्ये मान्यता दिली, बाकी बहुतेक जग अजून मानत नाही. युरोपियन युनियननं २०१५ मध्ये सांगितलं की अशा भागातल्या मालावर नुसतं इस्रायल लिहून चालणार नाही, २०१९ मध्ये त्यांच्या कोर्टानंही तेच धरलं. आता पाटीवर कुठली भाषा, किती टक्के, कुठलं नाव वर आणि कुठलं खाली, यात ज्यांची हयात गेली त्या आम्हा सीमाभागातल्या लोकांना यातलं काही समजावून सांगायला नको. २०१४ ला कागदोपत्री आमच्या गावाचं नाव बदललं, घरात अजून बेळगावच. वाईनला भांडण कळत नाही, पण बाटली विकणाऱ्याला ते भोगावं लागतं, आणि घेणाऱ्यानं माहीत असून घ्यावी हे माझं मत. कुणाला त्यासाठी घ्यायची नसेल तर गॅलिली आणि जेरुसलेमच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या चांगल्या वायनऱ्या आहेत की, दोमेन दु कास्तेल तर एका रेस्टॉरंटवाल्यानं घराशेजारी वेली लावून सुरू केली, १९९२ ची पहिली वाईन, आज तिचं नाव यार्डनच्या बरोबरीनं घेतात.

तिसरी बाटली रेकनाटीची वाइल्ड कारिन्यान. यार्डनएवढी भारदस्त नाही पण मला स्वतःला हीच जास्त आवडली. कारिन्यान ही बॅरनच्या काळात दक्षिण फ्रान्सहून आलेली जात, भरमसाट पीक देणारी, वर्षानुवर्षं स्वस्त वाईनचा सगळा भार हिच्यावर, आणि चव म्हणाल तर पाणचट. मग काही जणांनी जुन्या, मांडव न केलेल्या, झुडपासारख्या वाढलेल्या, पाणी न दिलेल्या वेलींचं थोडंसंच फळ घेऊन वाईन केली तर एकदम वेगळंच निघालं. तीच जात, तीच माती. आंबटपणा आहे, मिरीचा वास आहे, थोडी रानवट आहे. ही मात्र आमच्या जेवणाला चालते, झणझणीत नाही पण घरच्या मसाल्याच्या मटणाला, आणि भाकरीबरोबर भरल्या वांग्यालासुद्धा चालली.

छोटी बाटली यार्डनचीच, हाइट्सवाईन, गोड. पण गोडागोडात फरक असतो तो इथं कळतो. जर्मनी-कॅनडात वेलीवरच गोठलेल्या द्राक्षाची आईसवाईन करतात, यांनी गेवुर्ट्सत्रामिनर जातीची द्राक्षं तोडून आणून वायनरीत फ्रीझरमध्ये गोठवली आणि मग पिळली, पाणी बर्फ होऊन मागं राहतं, घट्ट रस तेवढा उतरतो. लिचीचा आणि गुलाबाचा वास, मध, आणि खाली आंबटाची धार, त्यामुळं चिकट होत नाही. उत्साहात कुंद्याबरोबर दिली सगळ्यांना. नका करू. कुंदा एवढा गोड की वाईन त्याच्यापुढं आंबट लागते. खारवलेल्या काजूबरोबर घ्या, चंदगड-खानापूरकडचा काजू असला तर बघायलाच नको.

किमतीचं बोलायचं तर ड्युटी फ्रीतून आणली तर ठीक, नाहीतर नाही. यार्डन कॅबर्ने तिथं साधारण तीस डॉलरच्या घरात. इम्पोर्टेड वाईनवर आपल्याकडं दीडशे टक्के कस्टम, म्हणजे अडीच हजाराच्या बाटलीवर पावणेचार हजार ड्युटी, सव्वासहा झाले, त्यावर राज्याचा टॅक्स, इम्पोर्टरचं मार्जिन, दुकानदाराचं मार्जिन. ऑस्ट्रेलियाला २०२२ च्या करारात सूट मिळाली म्हणून त्यांच्या रांगा दिसतात. एवढ्या पैशात मी तरी अकलूजच्या फ्रातेलीची सेट्टे घेईन आणि वरच्या पैशात मटण. पण कुणी तिकडून येणारं असेल तर यार्डन आणि कारिन्यान डोळे झाकून मागवा, कपड्यात नीट गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाकायला सांगा, आणि पावती जपून ठेवा, गोव्याहून चोर्ला घाटाच्या बाजूनं यायचं असेल तर जास्तच.

मला आता मरावी नावाची वाईन पाहिजे. रेकनाटीनं २०१४ च्या द्राक्षांपासून काढली, एरियल विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधलेल्या स्थानिक जातीची, बेथलेहेमकडं हमदानी म्हणतात तिला. मुसलमानी राजवटीत तिथं वाईन जवळजवळ बंद पडली पण खायची द्राक्षं लोकांनी टिकवली, त्यातली ही. बॅरननं फ्रान्सहून जाती आणल्या तेव्हा ही तिथंच मांडवावर होती. हे दाजींना सांगितलं आणि चूक झाली, कारण दोन दिवस ते एकच धरून बसलेत, खायच्या द्राक्षाची वाईन होते तर आमच्या थॉमसनची का नाही. होते की दाजी, कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं थॉमसनची स्वस्तातली व्हाईट वाईन काढली लोकांनी, पण तिला ना वास ना चव. तर म्हणाले, चवीचं मी बघतो, पाणी तोडतो, घड कमी ठेवतो, तू लायसनचं बघ.